चार लोकांस अनावृत पत्र

प्रति,
मा. चार लोक,
मुक्काम : प्रत्येक गल्ली, प्रत्येक सोसायटी, प्रत्येक लग्नाचा मांडव

विषय : आपल्या अपेक्षा पूर्ण न केल्याबाबत

स. न. वि. वि.

आई म्हणते, ‘चार लोकांत बरं दिसत नाही.’ काका म्हणतात, ‘चार लोक काय म्हणतील?’ ते चौघे नेमके कोण, असं विचारलं की दोघेही पंख्याकडे बघतात. तरी आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय आपणच घेता. विजेचं बिल तेवढं आम्हाला भरू देता, हा आपला मोठेपणा.

मी लग्न केलं नाही, एकटी राहते, आणि पुन्हा मजेत राहते! आपली चिंता मी समजू शकते. भाड्याचं घर बघायला गेले, तेव्हा आपण विचारलंत, ‘फॅमिली आहे ना?’ मी आहे, म्हटलं. ते पुरलं नाही.

आपला सल्ला डावलण्याआधी म्हटलं, आपलं जुनं काम एकदा तपासावं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुल्यांवर आपण शेण आणि दगड फेकलेत. २०१४ मध्ये त्याच पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं, तेव्हा टाळ्या वाजवायलाही आपण होताच. समाजसुधारक आगरकरांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा काढलीत. केवढी ही तत्परता!

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून आपण ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, उभं केलंत. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आज त्याच पुण्यात अमृततुल्यच्या बाकावर बसून, चहा करणाऱ्याची जात न विचारता, आपण दुसरा कप मागवता.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार टाकला. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, त्याच वर्षी ते शंभर वर्षांचे झाले. आपल्या नशिबाने ते एवढे जगले, नाहीतर हार नेहमीप्रमाणे फोटोला घालावा लागला असता. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव संततिनियमनाचा प्रचार करू लागले, तर त्यांची प्राध्यापकी गेली आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. संततिनियमनाची साधनं आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

एवढा निकाल लागूनही आपला आत्मविश्वास तसूभर ढळलेला नाही. याचं मात्र खरंच कौतुक वाटतं.

आपण म्हणाल, ‘तू काय स्वतःला सावित्रीबाई समजतेस?’ मुळीच नाही. मी शाळा काढली नाही, मासिक चालवत नाही. माझा गुन्हा अगदी किरकोळ आहे, आणि खरी तक्रार तिथेच आहे. मोठ्या माणसांना आपण आधी शेण देता, मग पुतळा देता. हिशेब उशिरा का होईना, मिटतो. साध्या माणसांच्या वाट्याला नुसतं शेणच येतं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, एवढ्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ मध्ये ठराव करावा लागला. तोवर ज्यांच्या बांगड्या फुटल्या, त्यांच्या नावाने आपण कोणतं विद्यापीठ काढणार आहात?

तेव्हा माझा निर्णय असा : आपल्या संमतीसाठी मी थांबणार नाही. ती येते, पण बहुधा माणूस गेल्यावर येते, आणि तेव्हा तिचा उपयोग फक्त चौकाला नाव द्यायला होतो.

जाता जाता आपल्या हिताची एक गोष्ट सांगते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार टाकणं हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नाक मुरडणं अजून गुन्ह्यात बसत नाही. तेवढं खुशाल चालू ठेवा.

कळावे,
आपली अवज्ञाकारी