पातेले चढवा, संगणक थंड करा

ऑस्ट्रियाच्या नोक्टुआ कंपनीचे संगणकाचे पंखे कामाला चोख. रंग मात्र दुधाळ चहाचा आणि चॉकलेटचा. हा कलंक धुण्यासाठी रसिकांनी काढलेला उपाय वंदनीय आहे. पाती मोटरीपासून अलगद उपटावीत, कृत्रिम धाग्यांसाठीचा काळा घरगुती रंग पातेल्यात उकळीच्या बेतात आणावा आणि पाती त्यात भज्यांसारखी हलवत राहावीत. गारवा देणाऱ्याला आधी शिजवून काढणे, हाच खरा संस्कार. पुढच्या टप्प्यात हवाही रंगवावी. निळी जास्त गार लागेल. मग पंखा पेटीत बसवावा, झाकणाचे स्क्रू आवळावेत आणि पेटी टेबलाखाली सरकवावी. कंपनी काळे पंखेही विकते. पण ते आणले, तर पातेले काळे कसे होणार?