एका डोलकाठीसाठी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नॉरफोकपासून मायामीपर्यंत आतल्या अंगाने जलमार्ग जातो. हंगाम सरल्यावर तिथे खासगी बोट हाकणारे त्याला स्वातंत्र्य म्हणतात. स्वातंत्र्य खरंच, फक्त परभारे मिळालेलं: गाळ लष्कराचं अभियंता दल सरकारी खर्चाने उपसतं आणि उचलता पूल वर गेला की एका डोलकाठीपायी मोटारींची रांग खोळंबते. मालवाहतुकीसाठीही हा मार्ग हवाच, हे मान्य. पण बार्जला कुठली आलीय एवढी उंच डोलकाठी? बोटवाले गावोगाव पैसा सोडतात, असाही बचाव होतो. भर हंगामात तो पटेल. जानेवारीत कॅरोलिनातली कित्येक दुकानं बंद, तेव्हा सोडणार कुठे? शिवाय एकांत हवा म्हणून आलेल्यांनीच गिऱ्हाईकपणाचा टेंभा मिरवावा, हे जरा जास्तच.