सारथ्याचा मुक्काम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या तेराव्या कलमात, वाहन चालविण्याचा परवाना संपूर्ण भारतात प्रभावी राहील, असे एक उदार वाक्य आहे. ते लिहिणाऱ्या विधिज्ञाने आपले बिऱ्हाड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कधी हलविले नसावे, असा माझा नम्र तर्क आहे. कारण तोच परवाना खिशात घालून जो इसम काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सोळा टन सिमेंट निर्वेधपणे वाहून नेतो, त्याने सोलापुरात घर केले, मुले शाळेत घातली आणि परवान्यावरील पत्ता बदलून मिळावा असा अर्ज गुदरला, की त्याच्या हस्तकौशल्याविषयी नव्हे, तर थेट अस्तित्वाविषयीच दप्तरी शंका उत्पन्न होते. मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला आणा, असे इकडे फर्मान सुटते. तिकडे गेल्यावर कळते, की परवाना जुन्या पुस्तकी जमान्यातला, सबब ‘सारथी’ नामक संगणकीय दप्तरात त्याची नोंद चढलेलीच नाही. (कुरुक्षेत्रावरील सारथ्याकडे रहिवासाचा पुरावा कोणी मागितला नाही हे पांडवांचे भाग्य, मथुरा, गोकुळ आणि द्वारका येथील दाखले जमविता जमविता अठरा दिवस कधीच सरले असते.) परिवहन परवान्याची पाच वर्षांची मुदत मात्र कोणाच्याही हरकतीवाचून संपत राहते. तोवर आमचा चालक, ज्या कागदावरील पत्ता कोणत्याच कचेरीस मान्य नाही, तोच कागद दाखवून तीन राज्यांच्या सीमा ओलांडून आलेला असतो.