सहा रंगांत वाघ बसवण्याची रीत

प्रस्तुत मार्गदर्शन चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या त्या सर्व डीटीपीवाल्यांसाठी आहे, ज्यांच्या दुकानात मोहर्लीहून ताडोब्याची सफारी करून आलेला माणूस मोबाइल पुढे धरून म्हणतो, "भाऊ, हा वाघ टी-शर्टवर पाहिजे. जसाच्या तसा." फोटोत १,६७,७७,२१६ रंगांची सोय असते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये मात्र दर रंगाला वेगळी जाळी आणि दर जाळीचे वेगळे पैसे. हे कळल्यावर गिऱ्हाईक स्वतःच एकेक रंग सोडत जाते. सहावर सौदा पटला असे धरू.

आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी. ज्याला हे जमत नाही त्याने पुढचे वाचू नये.

मग चित्र ‘इंडेक्स्ड’ मोडमध्ये न्यावे. फोटोशॉप असो की गिंप, मामला सातबाऱ्याचा आहे. ठिपक्याकडे स्वतःचा रंग उरत नाही, नुसता क्रमांक उरतो. रंगाची नोंद तक्त्यात. शेत आहे तिथेच असते, नोंद फिरली की मालक फिरतो. १९८७ पासून जीआयएफ फाइल याच दप्तरावर चालते. तिथे तक्ता फार तर २५६ रंगांचा. आपल्याला सहाच परवडतात.

ते सहा निवडतो कोण? इथे खरी मेख आहे. पॉल हेकबर्टने १९८२ साली मांडलेली एक रीत अशी: सगळे रंग एका पेटीत भरायचे आणि पेटी अशी कापायची की निम्मे ठिपके इकडे, निम्मे तिकडे. मग त्या तुकड्यांचे तुकडे. म्हणजे मोजणी डोक्यांची. डोके कोणाचे ते बघायचे नाही. आता ऑक्टोबरातला ताडोबा डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात तीन महिने बंद असलेला कोअर नुकताच उघडलेला, साग हिरवा, बांबू हिरवा, गवत हिरवे, आणि कोपऱ्यात नखाएवढा वाघ. निकाल: पाच हिरवे, एक काळा. वाघाचे डिपॉझिट जप्त. गिऱ्हाईक टी-शर्ट उलटासुलटा करून विचारते, "वाघ कुठी हाये जी?" त्यावर "जंगलातही असाच दिसत नाही" हे उत्तर खरे असले तरी देऊ नये.

उपाय आहे. फोटोशॉपात मोड बदलण्याआधी वाघाभोवती सिलेक्शन मारले, तर तेवढ्या भागाच्या रंगांना वजन मिळते. गिंपमध्ये तक्ता आपल्या हाताने बनवावा: दोन हिरवे, एक नारिंगी, एक काळा, एक पांढरा, एक मातकट. आरक्षण म्हणा हवे तर.

मे महिन्याचा फोटो आला तर रोग उलटा. पाने गळलेली, गवत वाळलेले. वाघ, गवत आणि गाइडचा खाकी शर्ट एकाच क्रमांकात जातात. मग तक्त्यातला नारिंगी जरा भडक करायला जावे, तर रानही पेटते आणि गाइडही. तक्त्यात वाघ नावाचा प्राणी नसतो, नुसता चार नंबर असतो. म्हणून मूळ प्रतीत गवत आधी फिके करून घ्यावे, मगच मोड बदलावा. (प्रत काढली होती ना?)

आता ‘डिदरिंग’. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची ही १९७६ ची युक्ती आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला शिकवावी लागत नाही. एका ठिपक्यात रंग चुकला, की ती चूक शेजाऱ्यांत वाटून टाकायची: सोळा आण्यांपैकी सात उजवीकडच्याला, पाच खालच्याला, तीन आणि एक खालच्या दोन कोपऱ्यांना. लांबून सारे गुळगुळीत दिसते. पण जाळीतून शाई ओढली की ते बारीक ठिपके कुठे बुजतात, कुठे फुटतात, आणि वाघाला गोवर आल्यासारखे दिसते. टी-शर्टाला हे बंद ठेवावे.

वडशाच्या झाडीपट्टी नाटकवाल्यांना मात्र यातले काहीही सांगायला जाऊ नये. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, पोस्टरवर झाडून सारे नट हवे असतात आणि सगळेच्या सगळे गुलाबी. तिथे रंग कमी करा म्हणणे म्हणजे कोणाचा तरी रोल कापणे.

आणि गिऱ्हाईक सहा जाळ्यांनाही तयार नसेल, तर २०१८ साली ताडोब्यात काळ्या बिबट्याचे फोटो निघाले होते, याची त्याला नम्रपणे आठवण द्यावी. टी-शर्ट काळा घ्यायचा. डोळ्यांचे दोन पिवळे ठिपके, जाळी एक.