डहाणूचा पेशंट

आजारी माणसाला भेटायला जाणं हे आमच्या इंदापूर-बारामतीकडं नुसतं कर्तव्य नाही, छंद आहे. पेशंट ओळखीचा असला तर उत्तमच. नसला, तर शेजारच्या खाटेवरच्याची चौकशी करून येण्याचा खर्च वसूल करतात. त्यामुळं दाजींची, म्हणजे नानांच्या जावयाची, बदली डहाणूला झाली आणि तिथं समुद्री कासवांचा दवाखाना असल्याचं कळलं, तेव्हा श्रावणातला एक रविवार गाठून आम्ही निघालोच. आत्यानं मोसंबी घेतली. "दवाखान्यात रिकाम्या हातानं जायचं नसतं."

कासव आमच्या घराला परकं नाही. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं असतं, त्याला हात लावून आत जायचं. जेजुरीला तर पितळी पत्र्यानं मढवलेलं, भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं भलंथोरलं कासव आहे. पण त्यांपैकी एकालाही आजवर सलाईन लावल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं.

पारनाक्याला वनखात्याच्या आवारात हौद आहेत. डहाणू वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही तिथली संस्था मिळून जखमी कासवांवर उपचार करतात. गर्दी पावसाळ्यात. समुद्र खवळला की आधीच दमलेली, जखमी कासवं वाऱ्यालाटांबरोबर किनाऱ्याला लागतात.

पहिल्याच हौदात एक ऑलिव्ह रिडले तिरकं तरंगत होतं. शरीरात वायू अडकला की कासवाला बुडी मारता येत नाही, असं तिथल्या पोरानं सांगितलं. आत्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. या विषयात तिचा अधिकार मोठा.

"म्हणजे गॅसेस. ओवा दिला का?"

पोरगं नम्रपणे नाही म्हणालं. दुसऱ्या एकाला मलमासाठी बाहेर काढलं होतं, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडत नाही, अंगातलं जादा मीठ डोळ्यांवाटे टाकतं, हे कळल्यावर आत्यानं बीपीची चौकशी केली. मग आली खाण्याची वेळ आणि पेशंटसमोर मासे पडले. आत्या दोन पावलं मागं सरकली. "ऐन श्रावणात?" सुदैवानं पुढच्या हौदात ग्रीन सी टर्टल होतं. हे लहानपणी मिळेल ते खातं, मोठं झालं की समुद्री गवत आणि शेवाळावर येतं. आत्यानं तिथं मात्र हात जोडले. ऐन उमेदीत सगळं करून उतारवयात माळ घालणारे आमच्या पालखीमार्गावर गावोगाव आहेत.

नाना एका हौदापाशी बराच वेळ थांबले. त्या कासवाला पुढचा एक पाय नव्हता. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यात पाय गुंततो, कासव सुटायला धडपडतं तसा पीळ आवळत जातो, रक्त थांबतं आणि शेवटी पाय कापावा लागतो. उरलेल्या तिनांवर पोहायला जमलं की त्याला समुद्रात सोडतात. नानांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलेली. त्यांनी हौदावर वाकून तीन बोटांचा हात हलवला. "हुतंय. सवय लागंस्तवर तरास."

मग मूळ स्वभावावर आले. "बिल किती?"

"बिल नसतं, काका."

पैसे न भरता डिस्चार्ज मिळणारा दवाखाना नानांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. उपकार फेडायचे म्हणून त्यांनी लगेच जागा देऊ केली. "बरी झाली की उजनीत सोडा. एकशे सतरा टीएमसी पाणी हाय." आमच्याकडं पोरं पाढ्यांच्या आधी उजनीचा टक्का शिकतात. तो शून्याच्याही खाली जातो, त्यामुळं उणे संख्या शिकवायला मास्तर लागत नाहीत. समुद्री कासवाला खारं पाणी लागतं, हे पोरानं समजावलं. "उसाला जास्त पाणी देऊन आमची जमीनबी खारीच झालीय," नाना म्हणाले, पण पोरगं बधलं नाही.

मोसंबी शेवटी त्या पोरालाच दिली.

परतताना चारोटीच्या पुढं आत्यानं विहीणबाईंना, म्हणजे दाजींच्या आईला, फोन लावला. रेंज येत-जात होती. आत्या सविस्तर सांगत होती, पण तिकडं पोचलं ते इतकंच : "डहाणूला बघून आलो... पोट फुगलंय... औषधपाणी चालू... पाय काढावा लागला... आणि मासे खाऊ घालतात हो, श्रावणात!"

रात्री लोणावळ्याला चहा घेताना दाजींचा फोन आला. निम्म्या इंदापुरानं तब्येत विचारली होती आणि दोन चुलते पहाटेची एसटी धरणार होते.

"पाय धड आहे, हे आईला पटलं," दाजी म्हणाले. "माशांचं काय सांगू?"