डॉजवाले

मुलुंड-घाटकोपरच्या किंवा अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, पाण्याची टाकी आणि मीटरची खोली यांच्यामधल्या सांदीत, निळ्या ताडपत्रीखाली एक दीर्घकाय अमेरिकन मोटार वर्षानुवर्षे विसावलेली दिसली, की तिचा मालक आपले आडनाव कायमचे गमावून बसलेला आहे असे खुशाल समजावे. कोणी प्लिमथवाले होतो, कोणी इम्पालावाले. आमच्या मुलुंडच्या संस्थेत डॉजवाले आहेत, आणि त्यांचे खरे आडनाव आता केवळ वीजबिलाला ठाऊक आहे.

मोटारमालकाच्या चालण्याबोलण्यात जी एक घाई असते, ती त्यांच्या ठायी तिळमात्र नाही. ते बाजारात पायी जातात, स्टेशनला रिक्षाने जातात, आणि फोर्टात जुन्या मोटारींची रॅली निघते त्या दिवशी ती पाहायला लोकलने जातात. रविवारी सकाळी मात्र ताडपत्री दूर सारून, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने ते क्रोमचा बंपर पुसू लागतात, आणि त्या वेळी जो दूध आणायला निघालेला सापडेल त्याला शेठ वालचंद हिराचंदांपासूनचा इतिहास उभ्याने ऐकावा लागतो: 1944 साली शेठजींनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कशी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार कसा केला, आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यात सुट्या भागांची जुळणी होऊन डॉज, डिसोटो आणि प्लिमथ कशा बाहेर पडू लागल्या. जनरल मोटर्सने शिवडीस 1928 पासूनच जुळणी चालविली होती हे कोणी मध्येच सुचविले, तर ‘1954 साली गाशा गुंडाळला त्यांनी!’ एवढ्या एका वाक्यात शिवडीचा निकाल लागतो. तात्पर्य, डेट्रॉइटचे कुलशील सांगणाऱ्या या गाडीचे माहेर आमच्याच आग्रा रोडवर आहे. त्या रस्त्याला लाल बहादूर शास्त्रींचे नाव मिळून कैक वर्षे लोटली, तरी डॉजवाल्यांच्या जिभेवर ती दुरुस्ती अद्याप मंजूर झालेली नाही.

संस्थेच्या दप्तरात या गाडीची स्वतंत्र फाइल आहे. सतरा फुटांच्या आसपास लांबीचे ‘सदर वाहन’ दोन गाड्यांची जागा अडविते, ही सेक्रेटरींची तक्रार. त्यावर डॉजवाल्यांची लेखी कैफियत अशी की, संस्थेची नोंदणी होण्यापूर्वीच गाडीची नोंदणी झालेली असून तिच्या पाटीवरील बीएम ही अक्षरे त्याची साक्ष देत आहेत, सबब गाडीने संस्थेची जागा अडविली नसून संस्थेनेच गाडीचा मार्ग अडविला आहे. पुढे पुनर्विकासाचा प्रस्ताव आला आणि बिल्डरच्या माणसाने यांत्रिक पार्किंगचा नकाशा सर्वसाधारण सभेपुढे पसरला, तेव्हा सभासद खोल्यांचे चौरस फूट मोजीत असता हे एकटेच फूटपट्टी घेऊन लोखंडी पाळण्याची लांबी मोजीत होते. पाळण्यात डिकी मावत नाही असे दिसून येताच त्यांनी विरोधी मत नोंदविले. कार्यवृत्तात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा शेरा आहे, तो त्यांना आजही जाचतो.

पंक्चरवाल्याशी त्यांचे जे संबंध आहेत, ते पाहण्यासारखे असतात. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या अंगाच्या चाकांच्या बोल्टांना आटे उलटे असत, म्हणजे आपण ढिला करावयास जावे तो बोल्ट अधिकच आवळावा, अशी तजवीज असे. हे गुपित माहीत नसलेल्या कोवळ्या पोराने पान्यावर उभे राहून जोर लावला, की बोल्ट तरी तुटतो किंवा पोरगा तरी पडतो. म्हणून डॉजवाले आधी काही बोलत नाहीत. तो घामाघूम होईपर्यंत शांतपणे पाहत राहतात आणि मग केवळ दोन बोटे उलट्या दिशेने फिरवून दाखवितात. त्या क्षणी त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, ते पेन्शनच्या दिवशीही पसरलेले मी पाहिले नाही.

‘ओरिजिनल’ हा त्यांचा इष्टमंत्र. गाडीला नवीन पद्धतीचा आरसा लावणे म्हणजे त्यांच्या लेखी मूर्तिभंजन. सहा सिलिंडरच्या इंजिनाची आणि सहा व्होल्टच्या बॅटरीची महती ते तासभर गातात, पण बॉनेट काही उघडीत नाहीत. याचे कारण संस्थेत सर्वांना ठाऊक असून कोणी त्याचा उच्चार करीत नाही, हे आमच्या संस्थेच्या सभ्यतेचे एकमेव उदाहरण आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा मुंबईतल्या कित्येक अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने बसविली गेली. त्याच सुमारास डॉजवाल्यांच्या वडिलांनी ते सहा सिलिंडरचे धूड भंगारात घालून मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स इंजिन आत घातले. त्यामुळे गाडी सुरू होते तेव्हा आवाज ट्रकचा येतो, आणि डॉजवाले रस्त्याकडे पाहून म्हणतात, “कुठला तरी ट्रक आला वाटतं.”

त्यांचा भाचा नोकरीनिमित्त स्वीडनमधल्या व्हेस्टेरोसला गेला, आणि योगायोग असा की 1978 पासून अनेक वर्षे ‘पॉवर बिग मीट’ नावाची अमेरिकन गाड्यांची प्रचंड जत्रा जिथे भरत असे, तेच हे गाव. तिथले फोटो पाहून मामांनी दोन दिवस अन्न कमी केले. छपरे कापून बसकी केलेली, बॉनेटातून इंजिन बाहेर डोकावणारी, अंगावर ज्वाळा रंगविलेली ती वाहने! एका डॉजवर तर गंज मुद्दाम राखून त्यावर वॉर्निश फिरविले होते. आमच्याकडे तेवढ्या गंजावर सेक्रेटरींच्या तीन नोटिसा आल्या असत्या. भाच्याने फोनवर समजावून पाहिले की, कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या फोर्डांचे मडगार्ड उतरवून आणि इंजिनांची ताकद वाढवून कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर शर्यती लावल्या, तिथून ही ‘हॉट रॉड’ची विद्या निघाली. “मामा, इंजिन बदललेल्या गाडीला इथे बक्षीस देतात. तुमचं पर्किन्स पाहिलं तर गर्दी जमेल!” वेगासाठी गाडी कापणारे लोक काटकसरीसाठी कापलेल्या गाडीचा बहुमान करतील की नाही, हे मला सांगवत नाही, पण मुलुंडमधील एकमेव हॉट रॉडचे मालक आपणच आहो, हे त्या दिवशी डॉजवाल्यांना प्रथम कळले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

खरा पेच पुढे आला. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर जाहीर केला. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि मुख्य अट ही की, गाडी मूळ स्वरूपात असावी. डॉजवाल्यांनी अर्जाचा मसुदा मोत्यासारख्या अक्षरात तयार केला. मालकाचे नाव, उत्पादनाचे वर्ष, रंग, सर्व रकाने भरले. ‘इंधन’ या रकान्यापाशी लेखणी थबकली. ‘पेट्रोल’ लिहिणे हा गुन्हा आणि ‘डिझेल’ लिहिणे हे पाप. अखेर तो अर्ज तसाच घडी घालून त्यांनी भाच्याला पत्र धाडले की, त्या जत्रेत जुने सहा सिलिंडरचे इंजिन मिळत असल्यास भाव आणि जहाजाचे भाडे कळवावे.

“आणि ते आलं की हे डिझेलचं ठेवणार कुठे हो?” मामींनी विचारले.

“अगं, डिकीत,” डॉजवाले म्हणाले. “अमेरिकन गाडी आहे. अजून एक मावेल.”