थांबणारे आणि न थांबणारे

पक्ष्यांचं वर्गीकरण करताना शास्त्रज्ञ चोच बघतात, पाय बघतात, हल्ली डीएनएही बघतात. माझं वर्गीकरण त्याहून सुटसुटीत आहे: थांबणारे आणि न थांबणारे. ढोकरी, पिंगळा आणि पंख वाळवत बसलेला पाणकावळा हे पहिल्या वर्गातले. दुसऱ्या वर्गात उरलेली सगळी पक्षिसृष्टी. हे शास्त्र मला माझ्या लेन्सने शिकवलं.

लेन्स पाचशे मिलिमीटरची आहे, पण आरशाची. उंची वीतभर, वजन किलोच्याही आत. एवढ्याच पल्ल्याची काचांची मोठी लेन्स तीन किलोच्या पुढे जाते आणि तिची किंमत ऐकून निपाणीत माणूस गुंठ्यांचा हिशेब करायला लागतो. आरशाच्या लेन्समध्ये प्रकाश पुढून शिरतो, तळाच्या वाटोळ्या आरशावर आपटून माघारी फिरतो, पुढच्या काचेच्या मधोमध बसवलेल्या छोट्या आरशावर आपटून पुन्हा उलटतो आणि तळाच्या आरशाला पाडलेल्या भोकातून कॅमेऱ्यात उतरतो. लांबच लांब वाट घडी घालून डब्यात बसवलेली. ही मूळ कल्पना दुर्बिणीची, कासेग्रेन नावाच्या फ्रेंच माणसाच्या नावावर १६७२ पासून जमा आहे. पुढे १९४१ मध्ये जर्मन फौजा लेनिनग्राडवर चालून येत असताना सोव्हिएत प्रकाशशास्त्रज्ञ दिमित्री माक्सुतोव्ह आपल्या संस्थेबरोबर गाव सोडून निघाला होता, आणि त्या प्रवासात त्याने तिला नवं रूप दिलं. आपल्याकडे गाडी सुटली की माणूस पत्ते काढतो. त्याच्या कल्पनेतून निघालेल्या रशियन लेन्सना १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात मोठं पारितोषिक मिळालं. माझी लेन्स त्याच घराण्यातली, जुन्या बाजारातून आलेली.

कॅमेरा मात्र नवा, मिररलेस. म्हणजे लोकांनी खटपट करून कॅमेऱ्यातून काढलेला आरसा मी पुढच्या दाराने परत आत आणला. कॅमेऱ्याला हे पसंत नाही. लेन्समध्ये वीज नाही, तारा नाहीत, त्यामुळे तो पडद्यावर ‘लेन्स नाही’ असं जाहीर करतो आणि फोटो काढायचं नाकारतो. मग मेनूत जाऊन ‘लेन्स नसली तरी चालेल’ अशी परवानगी द्यावी लागते. डोळ्यांसमोर ढळढळीत आहे ते कागदोपत्री नाही, याची आम्हा कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मराठी लोकांना १९५६ पासून सवय आहे. महाजन अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. त्यापुढे एक मेनू म्हणजे काहीच नाही.

फोकस हाताने करायचा. दहा मीटरवर बसलेल्या पक्ष्याचं जे काही स्पष्ट दिसणार, त्याची खोली वीतभरही नसते. चोच साधली तर शेपूट गेली. कडं फिरवत फिरवत आपण पक्ष्यापर्यंत पोचतो, तोवर पक्षी पुढच्या बाभळीवर पोचलेला असतो. कॅमेरा मदत म्हणून स्पष्ट दिसणाऱ्या कडांना लाल रंग लावतो, पण गवताची प्रत्येक काडी लाल होते आणि पक्षी तेवढा कोरा राहतो. शिवाय हे कडं अनंताच्या खुणेवर थांबत नाही. उन्हाने डबा फुगतो, थंडीने आक्रसतो, म्हणून कारखान्याने अनंताच्या पुढेही थोडी जागा ठेवली आहे. ज्या अनंतापाशी पोचायला संतांना जन्म वेचावा लागला, त्याच्या पलीकडे मी रोज सकाळी नऊच्या आत जाऊन येतो. तिथे सगळं अंधुक दिसतं.

नऊच्या आत का, तर छिद्र कायमचं एफ आठ. लहान होत नाही, मोठं होत नाही. वेदगंगेच्या काठावर पहाटे पाखरं जागी असतात तेव्हा उजेड पुरत नाही. उजेड पुरेसा होतो तेव्हा तंबाखूच्या रानावरून वाफा उठू लागतात आणि समोरचा पिंगळा तळ्यातल्या प्रतिबिंबासारखा हलतो. मधले दीडेक तास ही आमची कचेरीची वेळ.

या वेळेत पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त येतात. राष्ट्रीय महामार्गाच्या जवळ काळा डबा डोळ्याला लावून उभा असलेला माणूस दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. यमगर्णीच्या बाजूला एक काका बांधावरून तरातरा आले.

“काय सायेब, रस्त्याची मोजणी चाललिया का?”

“नाही काका, पाखराचा फोटो काढतोय.”

“मग पाखरू कुठाय?”

“उडालं.”

“मग आता कशाचा काढताय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका बराच वेळ डब्याकडे बघत राहिले. “गेल्या बारीला मोजायला आल्याले बी असंच म्हनत हुते,” असं म्हणून ते बांधावरच बसले आणि मी जाईपर्यंत उठले नाहीत.

बेळगावात कॅम्पात राहणारा माझा एक मित्र तोफेएवढी लेन्स घेऊन फिरतो. ती पक्ष्याचा डोळा स्वतः शोधते. मी एका ढोकरीपुढे पाऊण तास उभा होतो, तर म्हणाला, “काय करूलास रे इतका वेळ? ती काय तुला स्थळ आलंय?” पण एकदा एका धरणावर रखवालदाराने त्याला फाटकातच अडवलं. “कॅमेरा इल्ल री, परवानगी बेकु!” मग माझ्या डब्याकडे बोट दाखवून “इद एन्री?” मी काही बोलायच्या आत मित्र वैतागून म्हणाला, “ते काही नाही.” रखवालदाराने मला आत सोडलं. कॅमेऱ्याचं आणि माझ्या मित्राचं लेन्सबद्दल पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आरशाच्या लेन्सची खरी सही पार्श्वभूमीत उमटते. मधला छोटा आरसा प्रकाश अडवतो, त्यामुळे मागे पाणी चमकत असेल तर प्रत्येक ठिपक्याचं पोकळ कडं होतं. किल्ला तलावावर काढलेला पाणकावळ्याचा माझा सर्वोत्तम फोटो मी घरी दाखवला. बायकोने चष्मा लावून नीट पाहिला. “पक्षी बरा आलाय. पण त्याच्यामागे एवढे उद्दीनवडे कुणी तळलेत?” जाणकार लोक या कड्यांना दोष म्हणतात. मला ती आवडतात. हजारो फोटोंतून माझा फोटो लांबून ओळखता येतो, आणि हे सुख तीन किलोवाल्यांना नाही.

आता राज्यपक्ष्यांचं. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख. तो हिवाळ्यात तारेवर उघड्यावर, छाती पुढे काढून, निवांत बसतो. म्हणजे अगदी आमच्या वर्गातला. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. अंगाने हिरवा-पिवळा, राहतो वडा-उंबराच्या दाट पानांत, आणि पान हललं तरच कळतं की ते पान नव्हतं. मराठी माणूस असूनही मला नीलपंखाचे डझनभर फोटो सहज मिळाले आणि हरियालाचा एकही नाही. याचा अर्थ कुणी राजकीय काढू नये. अर्थ फक्त फोकसचा आहे.

पंचाईत एका शाळेच्या प्रदर्शनात झाली. नीलपंखाचा फोटो त्यांनी आनंदाने घेतला, पण सर अवघडून म्हणाले, “दोन्ही राज्यांचे लावू या की. उगीच बोलणं नको.” मी स्तवनिधीच्या वाटेवरच्या एका वडाचा फोटो मोठा करून दिला. त्यात भरपूर पानं होती, मागे उन्हाची कडी होती आणि खाली सुवाच्य अक्षरांत ‘हरियाल’ लिहिलं होतं. उद्घाटनाला आलेले पाहुणे फोटोसमोर बराच वेळ थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “वा! सुरेख दिसतोय.” शेजारच्या मराठीच्या बाई आणखी पुढे सरकल्या. त्यांना दोन दिसले.